दुसरी रेघ

चिंचवाड्याच्या हायस्कुलात कुंदाबाईच्या ताब्यात दोन वस्तू होत्या, घंटा आणि फक्की. घंटा कोणीही वाजवावी, तिची हरकत नव्हती. पण कबड्डीच्या ग्राउंडवर पांढऱ्या रेघा मारायच्या त्या पावडरीच्या घमेल्याला कोणी हात घातला, की ती समोरच्याच्या तीन पिढ्या जाग्या करायची. एकदा खुद्द हेडमास्तरांचा बूट ताज्या रेघेवर पडला. "सर, डोळे ऑफिसात ठेवून आलात का?" असं ती सगळ्या शाळेसमोर म्हणाली. हेडमास्तरांनी बूट उचलला, झटकला, आणि पुढचे दोन महिने तिचा एकही रजेचा अर्ज मंजूर केला नाही. कुंदाबाई त्या दोन महिन्यांत रोज त्यांच्या टेबलावर पाण्याचा ग्लास ठेवताना मुद्दाम टेबलाची कड रेघेसारखी बोटांनी मोजायची. का, ते त्यांना कधी कळलं नाही.

अमळनेरहून एसटीनं अर्ध्या तासावरचं हे गाव. कुंदाबाई सातवी शिकलेली, शाळेत शिपाई. नवरा लोटन ॲपे रिक्षा चालवतो, स्वभावानं लोण्याचा गोळा. पदरी स्वतःचं लेकरू नाही, म्हणून बहिणीची मयुरी पाचवीपासून तिच्याकडेच वाढली.

रेघांचं काम तिच्याकडे आलं ते कोणी मानानं दिलं म्हणून नाही. जुने खेळाचे सर निवृत्त झाले आणि दुसऱ्या दिवशी बाहेरगावचा संघ दारात उभा. हेडमास्तर म्हणाले, "कुंदाबाई, चार रेघा मारून टाका." तिनं मारल्या, नजरेच्या अंदाजानं. पाहुण्या संघातला एक उंच पोरगा ग्राउंडभोवती फेरी मारून आला आणि मोठ्यानं म्हणाला, "हाई ग्राउंड शे का पापड?"

सगळे हसले. हेडमास्तरही हसले, आणि तेच तिला लागलं. पोरगा हसला तर हसला, त्याला खेळायचं होतं. ज्यांनी काम सांगितलं त्यांनी कशाला दात काढायचे?

त्या रात्री तिला झोप आली नसेल असं कोणाला वाटेल. ती गाढ झोपली. सकाळी उठून मात्र शाळेचं खेळाचं कपाट उपसलं. बॅडमिंटनच्या तुटक्या रॅकेटी, हवा गेलेले व्हॉलीबॉल आणि खाली वाळवीनं कड खाल्लेलं नियमांचं पुस्तक. सगळं इंग्रजीत. मधल्या पानावर मात्र ग्राउंडचं चित्र होतं, आणि चित्रातल्या प्रत्येक रेघेजवळ एकेक इंग्रजी शब्द.

ती पुस्तक घेऊन इंग्रजीच्या सरांकडे गेली आणि एका शब्दावर बोट ठेवलं. सर म्हणाले, "तुम्हाला काय करायचंय लॉबीचं? व्हरांडा झाडून झाला का?"

"झाडला. तुमच्या टेबलाखालचे शेंगांचे फोलपटंपण उचलले," कुंदाबाई म्हणाली, आणि पुस्तक उचलून घरी आली. मयुरी तेव्हा पाचवीत. ती एकेक अक्षर वाचायची, डिक्शनरीत बोट फिरवायची, आणि कुंदाबाई वहीत देवनागरीत उतरवायची. एण्ड लाईन म्हणजे अंतिम रेषा. बॉक लाईन म्हणजे निदान रेषा, चढाई करणाऱ्यानं एकदा तरी ओलांडायची. बाउंड्री म्हणजे जिथं खेळ संपतो ती हद्द, आणि ही हद्दीची रेघ स्वतः मैदानातच मोजायची, बाहेर नाही. एवढं सगळं सोपं होतं. अडलं ते लॉबीवर. डिक्शनरीत लॉबीचा अर्थ हॉटेलातली बसायची जागा असा निघाला. मावशी-भाची दोघी चक्रावल्या. कबड्डीत कोण बसायला येतं?

चार दिवस तिनं तो शब्द सोडला नाही. नियमाची ओळ मयुरीकडून पुन्हा पुन्हा वाचून घेतली आणि शेवटी वहीत स्वतःच्या भाषेत लिहिलं: "लॉबी म्हणजे मैदानाच्या दोन्ही बाजूंना एक-एक मीटरची गल्ली. झटापट सुरू होईपर्यंत गल्ली बंद. हात न लागता पाय टाकला तर बाद. हात लागला, झटापट झाली, की गल्ली उघडी. गल्लीच्या पलीकडे गेला तर कधीही बाद."

आख्ख्या पंचक्रोशीत लॉबी शब्द वापरत नाही असा माणूस नव्हता, आणि त्याचा अर्थ माहीत असलेला माणूसही नव्हता. कोणी बाद झाला की "लॉबी गेली!" कोणी रेघेवर घसरला की "लॉबी!" कॉमेंट्रीवाला तर चहा सांडला तरी माईकवर लॉबी ओरडायचा. कुंदाबाईचं डोकं फिरायचं. "लॉबी कुठं जात नाही," ती घमेलं आपटून म्हणायची. "ती जमिनीवरच असते. माणूस जातो लॉबीत. शिका आधी."

पुढची नऊ वर्षं तिच्या रेघा तालुक्यात गाजल्या. नायलॉनच्या दोरीला मापाच्या गाठी मारलेल्या, दरवर्षी दसऱ्याला ती दोरी स्टीलच्या टेपवर ताणून तपासायची. ओलसर माती चोपून घट्ट केली की कोपऱ्याकोपऱ्यात सहा इंची खिळे ठोकायची. प्रत्येक खिळ्याच्या डोक्याला जुन्या साडीची चिंधी बांधायची आणि वर चार बोटं माती ओढायची. फक्की उडाली, पायांनी पुसली, तरी खाली खिळा जागा धरून असायचा. ही खूण तिनं कोणाला सांगितली नव्हती. सांगण्यासारखं कोणी विचारलंच नव्हतं.

यंदाच्या फेब्रुवारीत गावच्या मंडळानं मोठी स्पर्धा घेतली. जळगाव आणि धुळे, दोन्ही जिल्ह्यांचे संघ; पुरुषांचे आणि पहिल्यांदाच महिलांचेही. मंडळाचे अध्यक्ष नवल आबा, केळीचे व्यापारी, ज्यांच्या पांढऱ्या सदऱ्याला गावात कोणी पाठ करत नाही. सचिव प्रेमराज सर, शाळेचे नवे खेळशिक्षक आणि गावच्या मुलींच्या संघाचे कोच. आणि त्या संघाची एक नंबरची चढाईपटू कोण, तर मयुरी. एकोणीस वर्षांची, पाय असे की माती मागे राहायची.

ग्राउंड एकच. खेळ दोन्ही. पुरुषांचं मैदान मोठं, बायांचं लहान. त्यामुळे लांबीच्या दोन्ही बाजूंना आतून बाहेर तीन-तीन रेघा पडणार होत्या. बायांच्या सामन्यात पहिल्या रेघेच्या आत मैदान, पहिली ते दुसरी लॉबी, आणि दुसरीला खेळ खतम. पुरुषांच्या सामन्यात दुसरीच्या आत मैदान, दुसरी ते तिसरी लॉबी. म्हणजे दुसरी रेघ एकच, पण पुरुषांसाठी तिथं लॉबी सुरू होते आणि बायांसाठी तिथं संपते.

कुंदाबाईनं आदल्या दिवशी प्रेमराज सरांना सांगितलं, "सर, बायांच्या रेघा गेरूनं मारते. लाल. पंचांचा घोटाळा होईल नाही तर."

"अजिबात नाही," प्रेमराज सर मोबाईलमधून मान वर न काढता म्हणाले. "ड्रोननं शूटिंग आहे. वरून सगळं पांढरंशुभ्र दिसलं पाहिजे. लाल-पिवळी रांगोळी घालायला काय लग्न आहे?"

"पंच पुरुषांचेच सामने बघून आलेले राहतात, सर."

"पंच जिल्ह्याचे आहेत, कुंदाबाई. तुम्ही फक्की मारा."

तिनं फक्की मारली. पांढरी. पण त्या रागात एकेक खिळा दोन घाव जास्त खाऊन जमिनीत गेला.

महिलांचा अंतिम सामना दुपारी चारला सुरू झाला. चिंचवाडे विरुद्ध धुळे. पंच पितांबर सर, जळगावचे, गळ्यात शिट्टी, डोळ्यांवर काळा गॉगल, पंधरा वर्षं पुरुषांच्या सामन्यांत शिट्टी मारलेले. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांवर, शाळेच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या जिन्यावर माणसं चढली होती. धुळ्याची कप्तान दीपमाला नावाची मुलगी, रुंद खांद्यांची, उजव्या कोपऱ्यात उभी राहिली की तिथून आत शिरणं म्हणजे भिंतीत दार शोधणं.

शेवटची चढाई. धुळे अठ्ठावीस, चिंचवाडे सत्तावीस. मयुरी मध्य रेषा ओलांडून आत गेली. निदान रेषा ओलांडली. डावीकडे हूल दिली आणि झटक्यात उजवीकडे वळून दीपमालाच्या खांद्याला हात लावला. दीपमालानं तिची कंबर धरली. आणखी दोघी धावून आल्या, एकीनं पाय, एकीनं हात. झटापट लॉबीत गेली. गाव उभं राहिलं. मयुरीनं अंग असं पिळलं की तिघी सुटल्या, आणि ती सुटली ती थेट दुसऱ्या रेघेच्या बाहेर. दोन्ही पाय बाहेर. एक, दोन, तीन पावलं ती बाहेरच्या पट्टीतून धावली, मग आत झेप घेऊन मध्य रेषेवर हात मारला.

पितांबर सरांची शिट्टी वाजली. तीन बोटं वर. तीन गुण चिंचवाड्याला. तीस–अठ्ठावीस.

ढोल सुरू झाला. नवल आबांनी स्वतः गुलाल उधळला. पोरींनी मयुरीला उचललं. आणि त्या सगळ्या गुलालात कुंदाबाई ग्राउंडच्या कडेला घमेलं धरून दगडासारखी उभी. ती ज्या जागेवर उभी होती तिथून दुसरी रेघ सरळ दिसत होती. मयुरीच्या डाव्या टाचेचा ठसा त्या रेघेपासून वीतभर बाहेर होता. उजव्याचा त्याहून जास्त.

दीपमाला पंचांसमोर येऊन उभी राहिली. "सर, दोन्ही पाय बाहेर पडलेत. तीन पावलं पळाली ती बाहेरून."

"झटापट होती. झटापटीत लॉबी चालते."

"लॉबी चालते सर, पण ही लॉबी नाही. लॉबी संपली तिथं," दीपमालानं दुसऱ्या रेघेकडे बोट दाखवलं. "पुढची पट्टी पुरुषांची आहे."

पितांबर सरांनी गॉगल काढला. रेघा बघितल्या. आतून बाहेर मोजल्या, मग बाहेरून आत. चेहऱ्यावरचा रंग खाली उतरला तो कुंदाबाईला लांबूनही दिसला. त्यांना कळलं होतं. पण पंधरा वर्षांची शिट्टी गळ्यात असताना, ड्रोन डोक्यावर घोंघावत असताना, गाव नाचत असताना, चूक झाली हे दोन शब्द तोंडातून काढायला जी छाती लागते ती शिट्टीबरोबर मिळत नाही.

मंडपातल्या टेबलाशी तिघं जमले. नवल आबा, प्रेमराज सर, पितांबर सर. कुजबुज झाली. मग कुंदाबाईला हाक आली.

टेबलावर कागद होता, प्रेमराज सरांच्या वळणदार अक्षरात. "बाजूची दुसरी रेषा आखणी करणाऱ्या कर्मचाऱ्याच्या चुकीमुळे मापापेक्षा आत पडली होती. त्यामुळे खेळाडू प्रत्यक्षात हद्दीत होती. पंचांचा निर्णय कायम." खाली रिकामी जागा. तिच्या सहीसाठी.

"मी चुकले?" कुंदाबाईनं विचारलं.

"तसं नाही हो," प्रेमराज सर म्हणाले. "फॉर्मॅलिटी आहे. तुमचं काय बिघडतं? तुम्ही काय पंच आहात, की खेळाडू आहात? शिपायाची रेघ हातभर इकडं-तिकडं झाली तर कोण फाशी देतं?"

"हातभर?"

"कुंदाबाई," नवल आबांनी आवाजात गूळ घातला, "तू गावनी सून. पोर तुनीच, कप आपला. एक सही कर, आणि पुढल्या साली बठ्ठं ग्राउंड तुना हातमा."

"आतापण सगळं माझ्याच हातात आहे, आबा."

पितांबर सर तिच्याकडे बघतच नव्हते. कागदाची घडी घालत होते, उघडत होते. कुंदाबाई त्यांच्याकडे वळली. "सर, तुम्ही सांगा. रेघ चुकली का शिट्टी चुकली?"

"बाई, तुम्हाला नियमातलं काही कळत नाही," ते म्हणाले.

चूक केली, ती झाकली, तीही दुसऱ्याच्या पदराखाली झाकली, इथवर कुंदाबाईनं कदाचित गिळलं असतं. गाव आपलं, पोर आपली. पण कळत नाही म्हणाले. त्या एका वाक्यासरशी नऊ वर्षांमागचा तो पापड पुन्हा तिच्यासमोर आला, आणि दात काढणारे हेडमास्तर, आणि टेबलाखालच्या शेंगांची फोलपटं.

लोटन गर्दीतून वाट काढत मंडपात आला होता. त्यानं तिच्या कोपराला हात लावला. "करी टाक वं सही. तुनं काय जास?"

"मनी रेघ जास," ती म्हणाली, आणि पेन टेबलावर ठेवलं.

"मग सिद्ध कर!" प्रेमराज सरांचा आवाज चढला. अहो-जाहो गळून पडलं. "रेघ बरोबर होती ते सिद्ध कर. फक्की तर पायांनी पुसली गेली सगळी. कुठं आहे तुझी रेघ?"

खरंच नव्हती. नाचणाऱ्या गावानं त्या बाजूची दुसरी रेघ गुलालात कालवून टाकली होती. प्रेमराज सरांनी आधी ते बघूनच कागद लिहिला होता, हे कुंदाबाईला तेव्हा समजलं.

ती मंडपाबाहेर पडली. साडीचा पदर कमरेला खोचला, कोपऱ्याजवळ उकिडवी बसली आणि बोटांनी माती उकरू लागली. लोकांना वाटलं बाई रडते आहे. चार बोटं खाली साडीच्या चिंधीचं जांभळं टोक वर आलं. मग खिळ्याचं डोकं. ती उठली, समोरच्या बाजूच्या दुसऱ्या रेघेकडे गेली, तिथंही उकरलं. चिंधी. खिळा.

"टेप कोणाकडं आहे?" तिनं ओरडून विचारलं. "माझी दोरी नको. माझी दोरी म्हणजे माझंच माप म्हणाल."

धुळ्याच्या संघाच्या मॅनेजरकडे स्टीलचा टेप होता. तिनं एक टोक दीपमालाच्या हातात दिलं, दुसरं पितांबर सरांच्या. "धरा सर. नियमातलं कळतं ना तुम्हाला? धरा मग."

या बाजूच्या दुसऱ्या रेघेच्या खिळ्यापासून त्या बाजूच्या दुसऱ्या रेघेच्या खिळ्यापर्यंत आठ मीटर, नियमात बायांच्या मैदानाची रुंदी आहे तेवढीच. टेपवरचा आकडा मॅनेजरनं वाचला, मग दीपमालानं वाचला. पितांबर सरांनी वाचला नाही, पण टेप त्यांच्याच हातात होता.

मयुरी समोर आली. गुलालानं माखलेली, डोळे लाल. "मावशी, तू कोनी शे? आम्हनी का त्यासनी?"

"तुना पाय कोठे पडना ते सांग," कुंदाबाई म्हणाली. "बाकी मंग देखसूत."

मयुरीनं पायाकडे बघितलं. ज्या पोरीनं पाचवीत असताना डिक्शनरीत बोट फिरवून त्या गल्लीचा अर्थ काढून दिला होता, तिला पाय कुठं पडला हे सांगायला पंच लागत नव्हता. ती खाली वाकली, पायातले शूज काढले आणि अनवाणी घराकडे निघून गेली. पितांबर सरांना तेवढं पुरलं. निर्णय फिरला. धुळे एकोणतीस, चिंचवाडे सत्तावीस. दीपमालाच्या संघानं कप उचलला तेव्हा चिंचवाड्यातल्या एकाही हातानं टाळी वाजवली नाही.

"हाई बाईनी बठ्ठा गावनं नाक कापं!" ट्रॉलीवरून कोणी तरी ओरडलं. मग दगड आला नाही एवढंच, बाकी सगळं आलं.

दुसऱ्या दिवशी शाळेत फक्कीचं घमेलं कपाटात गेलं आणि कपाटाला कुलूप लागलं. किल्ली प्रेमराज सरांच्या खिशात. कुंदाबाईला घंटा राहिली. नळावर तिची बारी आली की बाया हंडे उचलून बाजूला सरकायच्या. लोटनच्या रिक्षात पंधरा दिवस गावचा माणूस बसला नाही. तो बिचारा शेजारच्या गावाच्या फाट्यावर उभा राहायचा. 

एका सकाळी तिनं दार उघडलं तर उंबऱ्याबाहेर पांढरी रेघ. दारापासून हातभर अंतरावर अर्धगोल आखलेला आणि मधे मोठ्या अक्षरात लिहिलेलं: लॉबी. शेजारणी पडद्याआडून बघत होत्या. बाई रडते का, शिव्या देते का.

कुंदाबाई कमरेवर हात ठेवून त्या रेघेभोवती फिरली. मग सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "कोणत्या गाढवानं मारली रे? एका बाजूला तीन बोटं रुंद, एका बाजूला सहा! फक्की चोरली तशी दोरीपण चोरायची होती!" आणि आत जाऊन चहा ठेवला.

मयुरी तिच्याच घरात राहत होती आणि तिच्याशी बोलत नव्हती. जेवण वाढलं तर जेवायची. भाकरी हवी असली तर लोटनला सांगायची. पहाटे उठून एकटी धावायला जायची. कुंदाबाईनंही मनधरणी केली नाही. मनधरणी करायची म्हणजे आपण चुकलो असं कबूल करायचं, आणि ते तर तिनं गावासमोरही केलं नव्हतं. दोघींची दोन महिने अशी कोंडी, आणि मधे बसून लोटन एकदा हिच्या, एकदा तिच्या ताटात वरण वाढणार.

तिकडे ग्राउंडवर प्रेमराज सरांनी शाळेच्या सामन्यासाठी स्वतः रेघा मारल्या. पाहुण्या संघाचा कोच कोपऱ्यात उभा राहून डोळा बारीक करून बघत राहिला आणि म्हणाला, "हाई काय शे, सर?" त्या दिवशी कुंदाबाईनं घंटा नेहमीपेक्षा दोन टोल जास्त वाजवली.

एप्रिलमध्ये धुळ्याहून दीपमालाचा फोन आला. त्यांच्या मंडळाची पुरुषांची आणि महिलांची स्पर्धा होती, महिलांमध्ये जळगावचे चार संघ येणार होते, चिंचवाडेही. "मावशी, ग्राउंड तुम्ही आखून द्याल का? गाडी पाठवतो."

"गाडी नको. एसटी आहे," कुंदाबाई म्हणाली. "पंच कोण?"

दीपमाला म्हणाली, "पितांबर सर."

"मग येते. दोन अटी. एक, बायांच्या रेघा गेरूनं मारीन. ड्रोन असो नाहीतर विमान असो. दुसरी अट मी तिथं आल्यावर सांगेन."

ती आदल्या दिवशी पोचली. खिळे तिचेच, चिंध्या नव्या. गेरू पाण्यात कालवून तिनं बायांच्या रेघा ओढल्या, लाल, वळणावर कुठं फाटल्या नाहीत. सकाळी संघ उतरले. चिंचवाड्याच्या पोरी तिच्याकडे न बघता गेल्या. मयुरी मागं राहिली. बॅग खाली ठेवून कोपऱ्याजवळ उकिडवी बसली, एक डोळा मिटून रेघेच्या लांबीवर नजर लावली.

"मावशी, कोपराजोडे एक बोट वाकडी शे."

दोन महिन्यांतलं पहिलं वाक्य. कुंदाबाई कोपऱ्याकडे गेली नाही. "तुनी नजर वाकडी शे. पाय सरळ टाक, म्हणजे झालं."

मयुरीनं नाक उडवलं आणि बॅग उचलून संघाकडे गेली. रेघ वाकडी नव्हती, हे दोघींनाही माहीत होतं.

पहिला सामना सुरू व्हायला पितांबर सर शिट्टी घेऊन मध्य रेषेवर आले. या वेळी गॉगल नव्हता. कुंदाबाई गेरूनं माखलेल्या हातांनी त्यांच्या समोर उभी राहिली. दोन्ही संघ ओळीत, मागं खुर्च्यांवर धुळ्याचे पाहुणे.

"बाई, बाजूला व्हा. वेळ झाली."

"झाली ना. आधी दुसरी अट," ती म्हणाली. "बायांचा सामना सुरू करायच्या आधी पंचांनी रेघा चालून दाखवायच्या. कोणती कशाची, तोंडानं सांगायची. सगळ्यांना ऐकू जाईल असं."

"हा कुठला नियम?"

"हा नियम नाही. माझी मजुरी आहे. दीपमालानं मान्य केली आहे. नाही तर खिळे उपटते आणि चालली मी एसटीला."

दीपमालानं मान हलवली. पाहुण्यांपैकी कोणी हसलं, कोणी "बरोबर आहे" म्हटलं. पितांबर सरांनी इकडं-तिकडं बघितलं. कुठूनही मदत आली नाही. मग ते बाजूला गेले आणि पहिल्या लाल रेघेवर उभे राहिले.

"ही मैदानाची बाजू. इथून पुढं लॉबी. झटापट झाल्याशिवाय पाय टाकला तर बाद."

"पुढं."

एक मीटर चालून ते दुसऱ्या रेघेवर आले. हीही लाल. थांबले. चिंचवाड्याच्या ओळीत मयुरी मान ताठ करून बघत होती.

"इथं लॉबी संपते. ही हद्द. याच्या बाहेर दोन्ही पाय गेले तर झटापटीतसुद्धा बाद."

"आणि ती?" कुंदाबाईनं तिसऱ्या, पांढऱ्या रेघेकडे बोट केलं.

"ती पुरुषांची. बायांच्या सामन्यात ती नाही."

"मोठ्यानं, सर. मागच्या खुर्च्यांना ऐकू नाही आलं."

पितांबर सरांनी घसा साफ केला आणि मोठ्यानं सांगितलं. कुंदाबाई बाजूला झाली, हात धुवायला नळाकडे गेली, आणि तिच्या पाठीमागे शिट्टी वाजली.